टेस्टोस्टेरोन-न्यूनता : संकल्पनेचा इतिहास

टेस्टोस्टेरोन-न्यूनता : वृषणातून (पुं-जनन ग्रंथीतून) स्रवणारे टेस्टोस्टेरोन हे प्रमुख पुं-हॉर्मोन शरीराच्या गरजेपेक्षा कमी प्रमाणात तयार होणे आणि त्यामुळे आरोग्यात व लैंगिक जीवनात बिघाड होणे, या अवस्थेला ‘टेस्टोस्टेरोन-न्यूनता’ म्हणतात. दोष वृषणातच असल्यास न्यूनता प्राथमिक समजतात. वृषणाला चेतना देणारी मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी किंवा तिच्यावर नियंत्रण ठेवणारा अधोथॅलॅमस हा मेंदूचा भाग यांत दोष असल्यास ती दुय्यम समजतात. न्यूनता यौवनारंभापूर्वी उद्‌भवल्यास आवाज फुटत नाही, दाढी-मिशा येत नाहीत, स्नायू भरत नाहीत आणि हातपाय धडाच्या मानाने लांब वाढतात. प्रौढपणी उद्‌भवल्यास कामेच्छा मंदावणे, पहाटेचे शिश्नोत्थान कमी होणे, वंध्यत्व, स्नायूंचा ऱ्हास, मेदवृद्धी, रक्तक्षय, अस्थिविरलता (हाडे विरळ व ठिसूळ होणे) आणि मनाची उदासीनता ही लक्षणे कमीअधिक प्रमाणात आढळतात.

या न्यूनतेचे परिणाम मानवाला दोन हजार वर्षांहून अधिक काळ माहीत आहेत. तिच्या मुळाशी असलेले द्रव्य मात्र १९३५ मध्ये हाती आले आणि ते द्रव्य रक्तात किती आहे हे सुलभतेने मोजण्याची सोय १९७० च्या सुमारास झाली. परिणाम दिसतात पण कारण माहीत नाही, कारण माहीत आहे पण मोजता येत नाही, अशा अवस्थांतून या विषयाला जावे लागले. या मधल्या काळात न्यूनतेने खरोखर पीडित असलेला रुग्ण आणि वार्धक्याची भीती वाटणारा निरोगी माणूस यांतील भेद वारंवार पुसला गेला व त्याचा तोटा दोघांनाही सोसावा लागला.

प्राचीन निरीक्षणे : पशुपालन करणाऱ्या जवळजवळ सर्व समाजांना खच्चीकरणाचे परिणाम अनुभवाने ठाऊक होते. मस्तवाल खोंड शेतकामाला जुंपण्यासाठी त्याचे वृषण निकामी करण्याची क्रिया मराठी मुलखात ‘बैल बडवणे’ या नावाने ओळखली जाते. ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) यांनी प्राणिविषयक ग्रंथात पक्षी व माणूस यांच्या खच्चीकरणाचे परिणाम नोंदविले असून बालपणी खच्चीकरण झालेल्या पुरुषाचा आवाज बदलत नाही व त्याला दाढी येत नाही, असे सांगितले आहे. हिपॉक्राटीझ यांच्या नावावर असलेल्या सूत्रांत खोजांना टक्कल पडत नाही व वातरक्त (संधींना सूज आणणारा गाऊट हा विकार) होत नाही, असे निरीक्षण आढळते.

भारतीय वैद्यकात हा विषय वाजीकरण या स्वतंत्र अंगाखाली येतो. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी ते एक आहे. चरकसंहितेत क्लैब्याचे चार प्रकार सांगितले आहेत : बीजदोषामुळे होणारे, जननेंद्रियाच्या विकारामुळे होणारे, जरेमुळे (वार्धक्यामुळे) होणारे आणि शुक्रक्षयामुळे होणारे. व्याधीमुळे येणारे दौर्बल्य आणि वयोमानाने येणारे दौर्बल्य ही वेगळी मानावीत, ही दृष्टी या वर्गीकरणात स्पष्ट आहे. सुश्रुतसंहितेतील क्लैब्याच्या वर्गीकरणात मानसिक कारणाने येणाऱ्या प्रकाराचाही समावेश आहे. याच संहितेत बोकडाचे वृषण दुधात शिजवून घेण्याचे योग सांगितले आहेत. प्राण्याच्या ज्या अवयवात सामर्थ्य वसते तो अवयव सेवन केल्यास ते सामर्थ्य माणसाला लाभते, ही कल्पना अनेक प्राचीन संस्कृतींत होती. वृषणात टेस्टोस्टेरोनाचा साठा अल्प असतो आणि पोटात घेतलेले टेस्टोस्टेरोन यकृतात बहुतांशी नष्ट होते, त्यामुळे अशा उपायांनी हॉर्मोनाची उणीव भरून निघणे शक्य नव्हते.

खोजे व गायक : चीन, बायझंटिन साम्राज्य, ऑटोमन तुर्कस्तान आणि मोगल दरबार यांसारख्या ठिकाणी अंतःपुरात व प्रशासनात खोजांची नेमणूक होत असे. यूरोपात सोळाव्या शतकापासून चर्चमधील गायनासाठी व पुढे संगीतिकांसाठी मुलांचा उंच स्वर टिकवून धरण्याच्या हेतूने इटलीत खच्चीकरण केले जाई. त्यांत प्रामुख्याने गरीब घरांतील मुलांचा बळी जाई व त्यांपैकी फारच थोड्यांना कीर्ती लाभे. १९०३ मध्ये पोप दहावे पायस यांच्या आदेशाने अशा गायकांची चर्चमधील परंपरा समाप्त झाली. आलेस्सांद्रो मोरेस्की (१८५८–१९२२) या त्यांतील अखेरच्या गायकाचा आवाज १९०२ व १९०४ मध्ये ध्वनिमुद्रित करण्यात आला होता. चिनी राजदरबारातील अखेरचा खोजा १९९६ मध्ये मरण पावला.

या लोकांच्या शरीरांवर लादलेल्या न्यूनतेतूनच तिच्या दीर्घकालीन परिणामांची माहिती वैद्यकाला मिळाली. पीकिंगमधील २६ वृद्ध खोजांची १९६० मध्ये तपासणी केली असता बहुतेकांची अष्ठीला ग्रंथी (मूत्राशयाच्या तोंडाशी असणारी, वीर्याचा काही भाग स्रवणारी ग्रंथी) हाताला लागणार नाही इतकी आक्रसलेली आढळली. कोरियातील राजदरबाराच्या वंशावळींच्या आधारे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८१ खोजांचे सरासरी आयुर्मान ७० वर्षे आढळले. ते समकालीन व समान सामाजिक दर्जाच्या पुरुषांपेक्षा १४ ते १९ वर्षांनी अधिक होते. यावरून पुं-हॉर्मोन अधिक तितके आयुष्य अधिक, हा लोकप्रिय समज निराधार ठरतो. टेस्टोस्टेरोनाचा संबंध आयुष्याच्या लांबीपेक्षा त्याच्या स्वरूपाशी अधिक आहे.

बेर्टोल्ट यांचा प्रयोग : इंग्लंडमध्ये जॉन हंटर (१७२८–९३) यांनी अठराव्या शतकात कोंबड्याच्या वृषणाचे प्रतिरोपण केले होते, परंतु त्यातून त्यांनी हॉर्मोनविषयक निष्कर्ष काढला नाही. तो मान गटिंगेन येथील आर्नोल्ट आडोल्फ बेर्टोल्ट (१८०३–६१) यांच्याकडे जातो. त्यांनी १८४८ मध्ये सहा तरुण कोंबडे निवडले. दोघांचे दोन्ही वृषण काढून टाकले. दोघांचा एक वृषण काढून दुसरा मूळ जागेपासून सुटा करून उदरपोकळीतच ठेवला. उरलेल्या दोघांचे दोन्ही वृषण काढून एकाचा वृषण दुसऱ्याच्या उदरपोकळीत बसविला. पहिले दोन कोंबडे खच्ची कोंबड्यांप्रमाणे निस्तेज झाले, त्यांचे तुरे वाढले नाहीत. उरलेले चार आरवू लागले, झुंजू लागले व कोंबड्यांच्या मागे धावू लागले. शवविच्छेदनात रोपण केलेल्या वृषणांना नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या आढळल्या, मात्र त्यांचा जुना तंत्रिका-संबंध (मज्जातंतूंचा जोड) उरलेला नव्हता. यावरून वृषण आपला प्रभाव रक्ताच्या द्वारे सर्व शरीरावर पाडतो, असा निष्कर्ष बेर्टोल्ट यांनी १८४९ मध्ये अवघ्या चार पृष्ठांच्या निबंधात मांडला. अंतःस्रावविज्ञानाचा पाया घालणाऱ्या या निबंधाकडे पुढील अर्धशतक फारसे कोणी लक्ष दिले नाही. फ्रांट्स लायडिख यांनी १८५० मध्ये वृषणातील रेतोत्पादक नलिकांच्या मधल्या जागेतील कोशिकांचे (पेशींचे) वर्णन केले. या कोशिकाच पुं-हॉर्मोनाचे उगमस्थान असल्याचे प्रतिपादन फ्रान्समधील पॉल आन्सेल व पिएर बूआं यांनी १९०३ मध्ये केले. ‘हॉर्मोन’ हा शब्द अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये रूढ केला [⟶ हॉर्मोने].

यौवनप्राप्तीचे उपाय : मॉरिशसमध्ये जन्मलेले विख्यात शरीरक्रियावैज्ञानिक शार्ल एद्वार ब्राउन-सेकार (१८१७–९४) यांनी १ जून १८८९ रोजी पॅरिसमधील जीववैज्ञानिक संस्थेपुढे एक निवेदन केले. त्या वेळी त्यांचे वय ७२ वर्षांचे होते. कुत्रा व गिनीपिग यांच्या वृषणांचा पाण्यात काढलेला अर्क स्वतःला टोचून घेतल्यावर आपले शारीरिक बळ, कामाचा उत्साह व मूत्रधारेचा वेग वाढला, असे त्यांनी सांगितले. वृत्तपत्रांनी ही वार्ता जगभर नेली व अल्पावधीत हजारो रुग्णांना असे अर्क टोचण्यात आले. टेस्टोस्टेरोन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी त्यांच्या कृतीनुसार अर्क तयार करून पाहिला, तेव्हा त्यात उपचारास लागणाऱ्या मात्रेच्या मानाने नगण्य हॉर्मोन आढळले. त्यांना जाणवलेला फरक अपेक्षेचा परिणाम होता. तथापि ग्रंथींच्या अर्काने रोग बरा करण्याची त्यांची कल्पना चुकीची नव्हती. अवटू ग्रंथीच्या (गळ्यातील थायरॉइड ग्रंथीच्या) अर्काचा यशस्वी उपयोग १८९१ मध्ये झाला.

यानंतरच्या चार दशकांत असे अनेक उपाय पुढे आले. व्हिएन्ना येथील ऑयगेन श्टाइनाख (१८६१–१९४४) यांनी एका बाजूची रेतवाहिनी बांधल्यास शुक्रजनन थांबून हॉर्मोन-निर्मिती वाढेल, असे मानले. १९१८ पासून ही शस्त्रक्रिया माणसांवर होऊ लागली. झिग्मुंट फ्रॉइड यांनी १९२३ मध्ये व आयरिश कवी डब्ल्यू. बी. येट्स यांनी १९३४ मध्ये ती करवून घेतली. पॅरिसमध्ये सर्ज व्हॉरोनॉफ (१८६६–१९५१) यांनी १९२० पासून चिंपँझी व बॅबून यांच्या वृषणांचे काप धनाढ्य वृद्धांच्या वृषणांवर रोपण्यास आरंभ केला. परजातीय ऊतक (कोशिकासमूह) शरीर स्वीकारत नाही, हे तेव्हा पुरेसे ज्ञात नव्हते. असे काप थोड्याच काळात नष्ट होत. अमेरिकेत कॅनझस राज्यात जॉन ब्रिंक्ली (१८८५–१९४२) याने बोकडाच्या वृषणांचे रोपण करण्याचा धंदा मांडला व रेडिओवरून त्याची जाहिरात केली. त्याचे काही रुग्ण दगावले आणि १९३० मध्ये त्याचा वैद्यकीय परवाना रद्द झाला. या सर्व प्रकारांत ग्राहक प्रायः वयस्क व सुस्थितीतील पुरुष होते. जन्मजात दोषाने किंवा आघाताने वृषण गमावलेल्या तरुणांचा त्यांत क्वचितच विचार झाला.

हॉर्मोनाचा शोध : या गोंगाटापासून दूर रसायनशास्त्रज्ञांचे काम चालू होते. शिकागो येथे फ्रेड कॉक व त्यांचे विद्यार्थी लेम्युअल मगी यांनी १९२७ मध्ये कत्तलखान्यातून मिळविलेल्या सु. १८ किग्रॅ. बैल-वृषणांपासून २० मिग्रॅ. क्रियाशील द्रव्य मिळविले. अर्काची शक्ती मोजण्यासाठी त्यांनी खच्ची कोंबड्याच्या तुऱ्याची वाढ हे माप वापरले. बेर्टोल्ट यांनी पाहिलेले लक्षण अशा रीतीने प्रमाणित कसोटी बनले. जर्मनीत आडोल्फ बूटेनांट (१९०३–९५) यांनी १९३१ मध्ये बर्लिनच्या पोलिसांच्या सु. १५,००० लि. मूत्रापासून ‘अँड्रोस्टेरोन’ हे दुर्बल पुं-हॉर्मोन अवघे १५ मिग्रॅ. वेगळे केले. ॲम्स्टरडॅम येथील एर्न्स्ट लाकर (१८८०–१९४७) यांच्या गटाने १९३५ मध्ये सु. १०० किग्रॅ. बैल-वृषणांतून १० मिग्रॅ. शुद्ध स्फटिकरूप हॉर्मोन मिळवून त्याला ‘टेस्टोस्टेरोन’ हे नाव दिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बूटेनांट व लेओपोल्ट रूझीच्का (१८८७–१९७६) यांनी स्वतंत्रपणे व काही दिवसांच्या अंतराने कोलेस्टेरॉलपासून ते कृत्रिम रीत्या तयार केले. या दोघांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले; परंतु नाझी राजवटीने बूटेनांट यांना ते नाकारण्यास भाग पाडले व त्यांना मानपत्र महायुद्धानंतर मिळाले.

शुद्ध हॉर्मोन उपलब्ध झाल्यावर १९३७ पासून त्याचा उपचारात वापर सुरू झाला. टेस्टोस्टेरोन प्रोपिओनेटाची अंतःक्षेपणे (इंजेक्शने) आठवड्यातून दोन-तीन वेळा द्यावी लागत. पुढे दोन-तीन आठवडे टिकणारे टेस्टोस्टेरोन एनँथेट, त्वचेवर लावावयाची पट्टी व जेल ही साधने आली. तोंडाने घ्यावयाचे मिथिल-टेस्टोस्टेरोन यकृताला अपायकारक ठरल्याने मागे पडले. ज्यांना कधी दाढी आली नव्हती व कामेच्छेचा अनुभवच नव्हता, अशा तरुणांत काही महिन्यांत यौवनाची लक्षणे प्रकट होऊ लागली. बेर्टोल्ट यांच्या प्रयोगानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी न्यूनतेवर खरा इलाज लाभला.

रुग्ण व वृद्ध यांतील भेद : अमेरिकन वैद्य हॅरी क्लाइनफेल्टर (१९१२–९०) व त्यांचे सहकारी यांनी १९४२ मध्ये नऊ पुरुषांचे वर्णन केले. लहान वृषण, वाढलेली स्तने, वंध्यत्व व मूत्रात जननग्रंथी-पोषक हॉर्मोनाचे आधिक्य ही त्यांची लक्षणे होती. या पुरुषांत एक अधिक ‘एक्स’ गुणसूत्र असते, असे १९५९ मध्ये पॅट्रिशिया जेकब्झ व जॉन स्ट्राँग यांनी दाखविले. हा दोष सु. पाचशे ते हजार पुरुषांत एकाला असतो. म्हणजे तो दुर्मिळ म्हणता येत नाही. तरीही अशा अनेकांचे निदान अपत्यहीनतेसाठी तपासणी होईपर्यंत किंवा आयुष्यभरही होत नाही. गंधज्ञानाच्या अभावासह येणारी, अधोथॅलॅमसातील दोषामुळे होणारी न्यूनता फ्रांट्स कालमान यांनी १९४४ मध्ये वर्णिली.

त्याच वर्षी कार्ल हेलर व गॉर्डन मायर्झ यांनी ‘पुरुषांच्या ऋतुनिवृत्ती’संबंधी निबंध प्रसिद्ध केला. मूत्रातील जननग्रंथी-पोषक हॉर्मोन वाढलेले असल्यास न्यूनता खरी, नसल्यास लक्षणे मानसिक, अशी कसोटी त्यांनी सुचविली. खऱ्या रुग्णांना हॉर्मोनाने गुण येतो व इतरांना येत नाही, हे त्यांनी दाखविले. स्त्रियांत रजोनिवृत्ती अटळ असते, पुरुषांत मात्र अशी अवस्था क्वचितच येते, असे त्यांचे म्हणणे होते. निबंधातील ही मर्यादा लोकांपर्यंत पोहोचली नाही, शीर्षक तेवढे पोहोचले. पॉल दे क्राइफ यांनी १९४५ मध्ये पुं-हॉर्मोनाची मुक्तकंठाने स्तुती करणारे पुस्तक लिहून उतारवयातील पुरुषांत नवी आशा निर्माण केली.

न्यूनता हेतुपुरस्सर घडविण्याचेही प्रसंग आले. चार्ल्स हगिन्झ यांनी १९४१ मध्ये वृषण काढल्याने किंवा स्त्री-हॉर्मोन दिल्याने अष्ठीला ग्रंथीचा पसरलेला कर्करोग आटोक्यात येतो, असे दाखविले (नोबेल पारितोषिक, १९६६). या उपचाराने रुग्णांचे दुःख कमी होते. परंतु कामेच्छा जाणे, अंगात उष्णतेच्या लाटा येणे व हाडे ठिसूळ होणे हे परिणाम त्यांना व त्यांच्या पत्नींना स्वीकारावे लागतात. याच ज्ञानाचा दुरुपयोगही झाला. ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्यूरिंग यांना १९५२ मध्ये समलिंगी संबंधांबद्दल दोषी ठरविण्यात आले. तुरुंगवास टाळण्यासाठी त्यांना वर्षभर स्त्री-हॉर्मोन घेण्याची अट मान्य करावी लागली. १९५४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. २०१३ मध्ये त्यांना मरणोत्तर राजक्षमा देण्यात आली.

मापनाचे युग : रोझलिन यालो व सॉलोमन बर्सन यांनी १९५९-६० मध्ये विकसित केलेली किरणोत्सर्गी प्रतिरक्षामापन पद्धती १९७० च्या सुमारास टेस्टोस्टेरोनाला लागू झाली. त्यामुळे रक्ताच्या काही थेंबांतून हॉर्मोनाचे प्रमाण कळू लागले. अधोथॅलॅमसातून स्रवणाऱ्या व पोष ग्रंथीला चेतना देणाऱ्या हॉर्मोनाची रचना १९७१ मध्ये अँड्र्यू शॅली यांच्या गटाने व लगोलग रॉझे गीमँ यांच्या गटाने निश्चित केली. या दोघांना व यालो यांना १९७७ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. रक्तातील बहुतेक टेस्टोस्टेरोन प्रथिनांशी बद्ध असते व केवळ २-३ टक्के मुक्त असते. त्याचे प्रमाण सकाळी अधिक व सायंकाळी कमी असते. ताप, दीर्घ आजार, अपुरी झोप, स्थूलता व अफूजन्य औषधे यांनी ते घटते, या गोष्टी मापनामुळे स्पष्ट झाल्या. म्हणून निदानासाठी सकाळी उपाशीपोटी घेतलेल्या रक्ताचे किमान दोन वेगळ्या दिवशी मापन आवश्यक मानतात. अमेरिकेत १०० मिलि. रक्तद्रवात ३०० नॅनोग्रॅमपेक्षा कमी प्रमाण न्यूनतासूचक धरण्याचा प्रघात आहे. मात्र लक्षणांवाचून केवळ आकड्यावरून रोग ठरत नाही.

दांपत्यजीवनावरील परिणाम : न्यूनता असलेल्या पुरुषांवर १९७९ मध्ये अमेरिकेत व त्यानंतर ब्रिटनमध्ये झालेल्या नियंत्रित प्रयोगांतून महत्त्वाचा भेद उघड झाला. हॉर्मोन दिल्यावर कामेच्छा व कामविषयक विचार मात्रेच्या प्रमाणात वाढतात. दृश्य उद्दीपनाने होणारे शिश्नोत्थान मात्र न्यूनतेतही बऱ्याच अंशी टिकून राहते. म्हणजे टेस्टोस्टेरोन प्रथम इच्छेचे हॉर्मोन आहे. ताठरतेचा दोष बहुधा रक्तवाहिन्यांचे विकार, मधुमेह, औषधे किंवा चिंता यांतून उद्‌भवतो व त्यावर टेस्टोस्टेरोन हा मुख्य इलाज ठरत नाही. जोएल फिंकेलस्टाइन व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखविले की, स्नायूंचे आकारमान व बळ टेस्टोस्टेरोनावर अवलंबून असते, मेदवृद्धी त्यापासून शरीरात बनणाऱ्या एस्ट्रॅडिओल या हॉर्मोनाच्या अभावाने होते आणि लैंगिक क्षमतेसाठी दोहोंची गरज असते.

इच्छा हळूहळू ओसरत असल्याने पुरुषाला स्वतःला तिचा अभाव पुष्कळदा जाणवत नाही. तो प्रथम पत्नीला जाणवतो. ती त्याचा अर्थ उपेक्षा किंवा परस्त्रीसंबंध असा लावण्याचा संभव असतो. उलट, पती संकोचाने जवळीकच टाळू लागतो व दोघांतील साधा स्पर्श आणि संवादही आटतो. आजार शरीराचा असला, तरी त्याचा निवाडा स्वभावाच्या नावे होतो. दुसरा धोका अपत्यप्राप्तीचा आहे. बाहेरून टेस्टोस्टेरोन दिल्यास पोष ग्रंथीची चेतना थांबून शुक्रजनन मंदावते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संततिनियमन प्रयोगात आठवड्याला २०० मिग्रॅ. टेस्टोस्टेरोन एनँथेट दिलेल्या २७१ निरोगी पुरुषांपैकी १५७ जणांच्या वीर्यातील शुक्राणू पूर्णपणे नाहीसे झाले. औषध थांबविल्यावर ते पूर्ववत झाले. पौरुष वाढावे म्हणून मनानेच हे औषध घेणारा व अपत्याची इच्छा असणारा पुरुष अशा रीतीने आपल्याच हेतूविरुद्ध वागत असतो. अशा रुग्णांत न्यूनता दुय्यम असल्यास जननग्रंथी-पोषक हॉर्मोने देऊन शुक्रजनन व टेस्टोस्टेरोन दोन्ही वाढविता येतात.

वार्धक्य व बाजारपेठ : वयाच्या चाळिशीनंतर टेस्टोस्टेरोनाचे प्रमाण दरवर्षी सु. एक टक्का घटते, असे विसाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या दीर्घकालीन पाहण्यांत आढळले. अमेरिकेत २००० मध्ये टेस्टोस्टेरोन-जेल विक्रीस आले व थकवा, मंदावलेली इच्छा आणि वाढते पोट ही ‘कमी टेस्टोस्टेरोना’ची चिन्हे असल्याची जाहिरात होऊ लागली. तेथील चाळीस वर्षांवरील विमाधारक पुरुषांत हे औषध घेणाऱ्यांचे प्रमाण २००१ मधील ०·८१ टक्क्यांवरून २०११ मध्ये २·९१ टक्के झाले. त्यांतील सु. एक चतुर्थांश पुरुषांच्या आदल्या वर्षभरात हॉर्मोन-मापन झाल्याची नोंद नव्हती.

याच सुमारास न्यूनतेची व्याप्ती ठरविणारे अभ्यास झाले. यूरोपातील आठ केंद्रांतील ४० ते ७९ वर्षे वयाच्या ३,३६९ पुरुषांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. मंद कामेच्छा, पहाटेच्या शिश्नोत्थानाचा अभाव व ताठरतेचा दोष ही तीन लक्षणे एकत्र आणि हॉर्मोनाचे प्रमाणही कमी, अशी कसोटी लावल्यावर केवळ २·१ टक्के पुरुष न्यूनताग्रस्त ठरले. हे प्रमाण चाळिशीत ०·१ टक्का, तर सत्तरीत ५·१ टक्के होते. स्थूलता व इतर आजार यांचा संबंध वयापेक्षाही ठळक होता. वजन घटविल्यास अनेकांचे टेस्टोस्टेरोन आपोआप वाढते.

अमेरिकेत ६५ वर्षांवरील पुरुषांवरील प्रयोगांसाठी ५१,००० हून अधिक पुरुषांची चाचणी करून ७९० जण निवडले गेले. २०१६-१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभराच्या उपचाराने कामेच्छा व लैंगिक क्रिया माफक प्रमाणात सुधारल्या, रक्तक्षय कमी झाला व हाडांची घनता वाढली. परंतु उत्साहात विशेष फरक पडला नाही व स्मरणशक्ती सुधारली नाही. हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका असलेल्या सु. ५,२०० पुरुषांवरील प्रयोगात (२०२३) गंभीर हृदयविकारांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ७·० टक्के व न घेणाऱ्यांत ७·३ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखे होते. मात्र अनियमित हृत्स्पंदन, मूत्रपिंडाचा तीव्र विकार व फुप्फुसातील रक्तवाहिनीत गुठळी अडकणे हे प्रकार औषध घेणाऱ्यांत अधिक आढळले. हाडे बळकट होतील ही अपेक्षाही फोल ठरली. अस्थिभंगाचे प्रमाण औषध घेणाऱ्यांतच काहीसे अधिक होते (२०२४). अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्येच केवळ वयोमानाने घटलेल्या टेस्टोस्टेरोनासाठी हे औषध संमत नसल्याचे स्पष्ट केले होते.

भारतातील स्थिती : भारतात या विषयाला शुक्रक्षयाच्या जुन्या भीतीची पार्श्वभूमी आहे. वीर्यनाशाने शक्ती नष्ट होते या समजुतीतून उद्‌भवणाऱ्या मानसिक विकाराला भारतीय मनोवैद्य न. ना. विग यांनी १९६० मध्ये ‘धात’ विकार असे नाव दिले. अशा रुग्णांत हॉर्मोनाची उणीव सहसा नसते. भय हेच त्यांचे दुखणे असते. महाराष्ट्रात र. धों. कर्वे (१८८२–१९५३) यांनी १९२७ पासून समाजस्वास्थ्य या मासिकाद्वारे कामजीवनाची शास्त्रीय माहिती मराठीतून देण्यास आरंभ केला; त्याबद्दल त्यांना अश्लीलतेच्या आरोपाखाली खटल्यांना तोंड द्यावे लागले. ज्ञानाला न्यायालयात उभे राहावे लागत असता गुप्तरोग व हरवलेले पौरुष यांवरील रामबाण उपायांच्या जाहिराती मात्र उघडपणे चालत. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने लैंगिक सामर्थ्य वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर बंदी घातली. तथापि असे दावे थांबलेले नाहीत. भारतात मधुमेह व स्थूलता वाढत असल्याने त्यांच्या जोडीने येणारी न्यूनताही दुर्लक्षिता येण्यासारखी नाही.

दीड शतकाच्या या इतिहासातून न्यूनतेचे निदान लक्षणे व मापन या दोन्ही आधारांवरच करावे, हा दंडक स्थिर झाला आहे. वृषण किंवा पोष ग्रंथीच्या सिद्ध विकारात टेस्टोस्टेरोन हा आवश्यक व गुणकारी उपचार असून तो बहुधा आयुष्यभर चालवावा लागतो. तो चालू असताना रक्तातील तांबड्या कोशिकांचे प्रमाण आणि अष्ठीला ग्रंथीची स्थिती यांवर लक्ष ठेवावे लागते. केवळ वयोमानाने होणारी घट ही व्याधी मानण्यास पुरेसा आधार नाही. उपचाराचे यश रक्तातील आकड्याइतकेच रुग्णाचे बळ, मनःस्थिती व दांपत्यजीवन यांवरून ठरते. त्यामुळे पती-पत्नी दोघांची विचारपूस करणे हा तपासणीचाच भाग मानणे इष्ट ठरते.